रिमोटचं बटण: कोणत्या उपकरणाला लावावं, कोणत्याला नाही

फाटकाजवळचा दिवा घरात बसून लावता यावा, रात्री आई-आजीला अंथरुणातून उठून बोर्डापर्यंत चाचपडत जावं लागू नये, दिवाळीच्या माळा बाल्कनीचं दार न उघडता बंद करता याव्यात, या गरजा अगदी साध्या आहेत. त्यासाठी लागणारी उपकरणंही आता कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. कुठे रिमोटवर चालणारा बल्बचा होल्डर, कुठे मोबाइलवरून चालणारा प्लग, कुठे बोर्डाच्या मागे बसवायची काडेपेटीएवढी डबी. खोक्यावर मात्र एवढंच लिहिलेलं असतं की हे ‘स्मार्ट’ आहे. आत काय घडतं आणि ते कोणत्या उपकरणाला लावू नये, हे फारसं कोणी सांगत नाही. माझ्या मते ग्राहकाला सगळ्यात आधी हे दुसरं कळायला हवं.

आत घडणारी गोष्ट अशी. तुमचं रिमोट किंवा मोबाइल एक छोटा संदेश पाठवतो. तो संदेश पकडणारं सर्किट आतल्या रिलेला चालना देतं. रिले म्हणजे तारेचं वेटोळं आणि धातूची एक पट्टी. वेटोळ्यातून किंचित करंट गेला की ते चुंबक होतं, पट्टी ओढली जाते आणि दोन संपर्कबिंदू एकमेकांना टेकतात. प्लगमधून येणारा ‘टक्’ आवाज त्या पट्टीचा. म्हणजे भिंतीवरच्या बटणावर तुमचं बोट जे करतं तेच इथे चुंबक करतं. वीज २३० व्होल्टचीच, तारा त्याच, आणि सगळा करंट त्या दोन टिकल्यांएवढ्या संपर्कांमधूनच जाणार.

बोट आणि चुंबक यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. बटण दाबताना तुम्ही त्या उपकरणाजवळ, निदान त्या खोलीत असता. इस्त्रीखाली कापड राहिलंय का, बादलीत पाणी आहे का, कूलरजवळ मूल खेळतंय का, हे डोळे नकळत बघून घेतात. रिमोटमुळे बोट दूर जातं तसे डोळेही दूर जातात. म्हणून प्रत्येक उपकरणाबाबत एकच प्रश्न विचारावा: घरात कोणी नसताना हे आपोआप सुरू झालं तर चालेल का?

अंगणातला दिवा, आकाशकंदील, टीव्ही, मच्छर पळवणारं यंत्र, टेबलफॅन: चालेल. इस्त्री, रूम हीटर, टोस्टर: नाही. बादलीत सोडायचा पाणी तापवण्याचा रॉड तर कधीच नाही. त्या रॉडला तापमान पाहून बंद होण्याची सोय सहसा नसते. बादली रिकामी असताना तो सुरू झाला तर प्लास्टिक पेटायला फार वेळ लागत नाही, आणि पाणी भरलेलं असलं तरी कोणी तापलं का बघायला हात घालू शकतं. फ्रिजलाही असा प्लग लावू नका. चुकून बंद झाला तर संध्याकाळपर्यंत कळणारही नाही. घरात कोणी आजारी असेल आणि ऑक्सिजन देणारं किंवा श्वासाला मदत करणारं यंत्र चालू असेल, तर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये असलं कोणतंही उपकरण नको.

कूलरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण विदर्भ-मराठवाड्यात तो घरोघरी असतो आणि कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येत राहतात. पत्र्याची बॉडी, आत पाण्याचा पंप, खिडकीबाहेर स्टँड, आणि पाणी भरताना पायाखाली ओल. त्यात भर म्हणून एकजण कूलरमध्ये पाणी भरतोय आणि दुसरा ऑफिसातून ‘घरी पोचेपर्यंत गार होऊ दे’ म्हणून मोबाइलवर बटण दाबतोय, अशी वेळ कधीच येऊ देऊ नये. कूलरला रिमोट हवाच असेल तर खोलीतल्या खोलीत चालणारा घ्या. पाणी भरताना प्लग हाताने काढून ठेवायचा हा घरातला नियमच असू द्या. रिमोटने बंद केलं म्हणजे वीज तुटली, असं धरून चालू नका.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. रिलेचे संपर्क जुळताना आणि सुटताना दर वेळी बारीक ठिणगी पडते. भार जास्त असेल तर ठिणगी मोठी होते, धातू वितळतो आणि एक दिवस संपर्क एकमेकांना चिकटून बसतात. मग रिमोटवर ‘बंद’ दाबलं, मोबाइलच्या पडद्यावर ‘बंद’ दिसलं, तरी आत वीज चालूच राहते. शिवाय काही होल्डर आणि डब्या घाईत उलट्या जोडल्या जातात. फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) तुटतो, दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत असतो. म्हणून बल्ब बदलायचा, पंखा पुसायचा, दिव्याची काच उघडायची तर एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला, भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) खाली करा किंवा प्लग उपसा. वीज किती वॉट खर्च होते ते दाखवणारे काही प्लग मिळतात. ते घेतले तर एक जास्तीचा पुरावा मिळतो: ‘बंद’ केल्यावर आकडा शून्यावर आला नाही तर काहीतरी बिघडलंय.

भाराचा हिशेब

खोक्यावर ६ अँपिअर, १० अँपिअर, १६ अँपिअर असं लिहिलेलं असतं. त्याला २३० ने गुणलं की वॉट मिळतात. ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॉट, १० म्हणजे २,३००, १६ म्हणजे ३,६८०. साठवणीचा गिझर बहुधा २,००० वॉटचा, म्हणजे जवळपास पावणेनऊ अँपिअर. तत्काळ पाणी देणारा छोटा गिझर ३,००० वॉटचा, म्हणजे १३ अँपिअर. कागदावर पाहिलं तर २,००० वॉटचा गिझर १० अँपिअरच्या प्लगवर चालायला हवा. पण गिझर वीस-तीस मिनिटं सलग पूर्ण करंट ओढतो, सॉकेट जुनं आणि सैल असतं, न्हाणीघराबाहेरचा बोर्ड दमट असतो. गिझरसाठी १६ अँपिअरपेक्षा कमी क्षमतेचं काही लावू नका, आणि लावल्यावर पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर दोष बहुधा सॉकेटच्या सैल पट्ट्यांचा असतो. तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. गिझरमध्ये स्वतःचा थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे पहाटे ठरल्या वेळी सुरू आणि ठरल्या वेळी बंद, ही सोय त्याच्याबाबत खरोखर कामाची आहे. विसरून अर्धा तास जास्त तापत राहिलेला २,००० वॉटचा गिझर एक युनिटपर्यंत खाऊ शकतो.

मोटरचं गणित वेगळं. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट, त्यामुळे ‘१० अँपिअरच्या स्विचवर सहज चालेल’ असं वाटतं. पण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि बंद होताना तिच्या वेटोळ्यातली साठलेली ऊर्जा संपर्कावर ठिणगी म्हणून बाहेर पडते. छोटा रिले अशाने लवकर मरतो, आणि मरतो तो बहुधा चिकटूनच. टाकी भरून वाहते, किंवा विहीर आटली तरी मोटर कोरडी फिरत राहते. पंपासाठी रिमोटने थेट मोटर नव्हे, तर स्टार्टरमधला काँटॅक्टर चालवावा. काँटॅक्टर म्हणजे मोठ्या भारासाठी बनवलेला दणकट रिले. रिमोटच्या डबीने फक्त त्याचं वेटोळं चालवायचं, मोटरचा सगळा करंट तो वाहतो. ओव्हरलोडचं संरक्षणही स्टार्टरमध्ये असतं.

ही पद्धत आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते तेव्हा अंधारात, चिखलातून, विंचूकाट्याच्या वाटेने विहिरीवर जायचं टाळण्यासाठी त्यांनी मोबाइल स्टार्टर बसवले. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्डाचं यंत्र, घरून फोन लावायचा, मोटर सुरू. तीनपैकी एक फेज गेला, व्होल्टेज पडलं किंवा विहिरीत पाणी संपलं तर चांगलं यंत्र स्वतःहून मोटर थांबवतं आणि तसा संदेश पाठवतं. शहरातल्या स्मार्ट प्लगपेक्षा मला हे यंत्र जास्त शहाणं वाटतं, कारण ते नुसता हुकूम पाळत नाही, परिस्थिती बघून उत्तरही देतं.

संदेश कुठून कसा जातो

टीव्हीचं रिमोट अवरक्त प्रकाशावर चालतं, आणि त्याला समोर मोकळी वाट लागते. मधे पडदा किंवा भिंत आली की संपलं. बाहेरच्या दिव्याला ते उपयोगाचं नाही.

दुसरा प्रकार रेडिओ लहरींचा. किल्लीच्या जुडग्याला लावता येणारं चार बटणांचं रिमोट यातलं. ते बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जातात, इंटरनेट लागत नाही, आजीला मोबाइल शिकवावा लागत नाही. आपल्या घरांसाठी मला हाच प्रकार सगळ्यात योग्य वाटतो, विशेषतः अंगणातल्या आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी. त्यातल्या दोन उणिवा माहीत हव्यात. एक, संदेश एकाच दिशेने जातो. दिवा खरंच लागला का हे रिमोटला कळत नाही. दुसरी म्हणजे, स्वस्त रिमोट दर वेळी तोच ठरलेला सांकेतिक आकडा पाठवतं. काही जुन्या प्रकारच्या रिमोटमध्ये असे फक्त ६,५६१ आकडे शक्य असतात, नव्यांमध्ये दहा लाखांहून अधिक. म्हणून क्वचित शेजाऱ्याच्या रिमोटने आपला दिवा लागतो. दिव्याला हे चालून जाईल. फाटकाच्या किंवा शटरच्या मोटरला चालणार नाही. तिथे दर वेळी आकडा बदलणारं रिमोटच हवं.

तिसरा प्रकार वायफायचा. मोबाइलवरून जगात कुठूनही चालणारा. यातल्या बहुतेक उपकरणांना २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं, ५ चं चालत नाही. नवा राउटर घेतल्यावर प्लग जोडलाच जात नाही, याचं कारण बऱ्याचदा इतकंच असतं. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती किंवा काँक्रीटचे स्लॅब ओलांडताना हे वायफाय दमतं, आणि स्विचबोर्डाची पेटी लोखंडी पत्र्याची असेल तर आतल्या डबीपर्यंत ते नीट पोचतच नाही. नवीन वायरिंग करत असाल तर प्लास्टिकची खोल पेटी मागा.

वायफायचा मोठा प्रश्न मात्र अंतराचा नसून मालकीचा आहे. तुम्ही मोबाइलवर बटण दाबता तेव्हा संदेश बऱ्याचदा घरातल्या घरात जात नाही. तो कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो आणि तिथून परत तुमच्या प्लगकडे येतो. इंटरनेट बंद तर दिवा बंद. कंपनी बंद तर दिवा कायमचा बंद. अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर आगाऊ सूचना न देता बंद पडले आणि लोकांच्या घरातली सगळी व्यवस्था एका रात्रीत लंगडी झाली. त्यामुळे घेताना विचारा: इंटरनेट नसताना घरातल्या वायफायवर हे चालतं का? २०२२ च्या अखेरीस आलेलं ‘मॅटर’ नावाचं प्रमाणक यासाठी उपयोगी आहे. ते पाळणारं उपकरण घरातल्या घरात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपमधून चालवता येतं. पासवर्डही बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. ते जमलं ते कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी तसेच ठेवले म्हणून.

एक व्यावहारिक सूचना: राउटरलाच स्मार्ट प्लग लावू नका. दुरून बंद केलात तर दुरून परत सुरू करायला वाट उरत नाही.

न्यूट्रल नसलेला बोर्ड

बोर्डाच्या मागे बसवायची डबी आणली, वायरमनने बोर्ड उघडला आणि म्हणाला, “साहेब, इथे न्यूट्रल नाही.” हे आपल्याकडे फार घडतं. भिंतीवरचं साधं बटण फक्त फेज तोडतं-जोडतं, त्यामुळे जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल बोर्डात न येता थेट दिव्याकडे गेलेला असतो. रिमोटच्या डबीला मात्र स्वतः जागं राहायला दोन्ही तारा लागतात. ज्या बोर्डात प्लगचं सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच, म्हणून आधी तो बोर्ड शोधा.

न्यूट्रलशिवाय चालणारे स्विचही मिळतात. ते दिवा ‘बंद’ असतानाही त्याच्यातून अगदी थोडा करंट वाहू देतात आणि त्यावर जगतात. जुन्या पिवळ्या बल्बला याचं काही वाटत नसे. एलईडी मात्र तेवढ्याशा करंटनेही रात्रभर मंद मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो. त्यावर दिव्याजवळ समांतर जोडायचा छोटा कंडेन्सर मिळतो.

एक उपाय मात्र कोणी सुचवला तर ठाम नाही म्हणा: अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरणं. दिवा लागतो, काम झाल्यासारखं दिसतं. पण त्यामुळे अर्थिंगच्या तारेतून सतत करंट वाहू लागतो, आणि ती तार पुढे कुठे तुटली तर तिला जोडलेल्या फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या, गिझरच्या बॉडीवर वीज येऊ शकते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो अशा जोडणीवर पडत राहू शकतो. मग ‘हा सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबीच काढून टाकला जातो. आरसीसीबी सारखा पडतोय म्हणजे तो आपलं काम चोख करतोय. एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो, आरसीसीबी माणसाला वाचवतो. बाहेरचे दिवे रिमोटवर घेण्याआधी तो नसेल तर बसवून घ्या, आणि बोर्डातलं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

भिंतीवरचं जुनं बटणही काढू नका. चांगल्या डबीला जुनं बटण जोडायची सोय असते, जिन्यातल्या टू-वे बटणालासुद्धा. रिमोट सोफ्याखाली गेलं, पाहुणे आले, मोबाइलची बॅटरी संपली, तरी हात भिंतीवर गेला की दिवा लागला पाहिजे.

बाहेरचे दिवे

बाहेरच्या वस्तूवर ‘आयपी’ आणि दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ४४ म्हणजे शिंतोडे सोसणारं, आयपी ६५ म्हणजे धूळ आत न जाऊ देणारं आणि पाण्याचा फवारा सोसणारं. आपल्या जुलैतल्या आडव्या पावसाला ६५ हवंच. पण रिमोटचा बहुतेक प्रत्येक स्वस्त प्लग आणि डबी घरातल्या वापरासाठी असते, तिच्यावर असा आकडाच नसतो. त्यामुळे ती डबी आत, कोरड्या बोर्डात बसवा आणि तिथून बाहेर फक्त दिव्याची तार न्या. दिवाळीच्या माळांचंही तेच: रिमोटचा प्लग खोलीत, माळ बाहेर, आणि माळेचे जोड नुसत्या चिकटपट्टीवर सोडलेले नकोत. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो हे आपण पाहिलेलं आहे.

दिवे ठरल्या वेळी लावायचे असतील तर सूर्यास्त पाहणारा टायमर घ्या. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. सातची वेळ कायमची लावून ठेवली तर थंडीत अंगण तासभर काळोखात राहतं. टायमरमध्ये गावही नीट निवडा. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा रेखांशांहून थोडं जास्त आहे आणि दर रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे तिथे सूर्यास्त जवळपास पंचवीस मिनिटं आधी होतो.

गावाकडचं घर वर्षातले दहा महिने बंद असेल आणि पडवीत संध्याकाळी दिवा लागावा एवढीच इच्छा असेल, तर मी वायफायचा नाद करू नका असंच सांगेन. प्रकाश पाहून स्वतः लागणारा-विझणारा सेन्सर स्विच घ्या. इंटरनेटचं मासिक बिल नाही, राउटर चोवीस तास चालू नाही. त्या दिव्याला स्वतंत्र एमसीबी द्या आणि बाकी सगळ्या घराची वीज खाली करून निघा. कोकणात मान्सूनच्या आगेमागे वीज कडाडते तेव्हा घरातली बाकीची उपकरणं प्लग काढलेलीच बरी.

पैशांचा हिशेबही सांगून टाकतो. ९ वॉटचे तीन एलईडी बारा तासांऐवजी सहा तास लागले तर महिन्याला पाच युनिट वाचतात. रिमोटची डबी स्वतः एक वॉटच्या आसपास खाते, म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट. असे चार प्लग घरभर लावले तर ३५ युनिट नुसत्या जागरणात गेले. याउलट ७५ वॉटचा जुना पंखा बदलून ३० वॉटचा बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा) आणला, तर रोज बारा तासांच्या वापरात महिन्याला १६ युनिट वाचतात, आणि त्याच्यासोबत रिमोटही येतं. बिलासाठी काही करायचं असेल तर पंख्यापासून सुरुवात करा. रिमोटचं बटण घ्यायचं ते सोयीसाठी आणि म्हाताऱ्या माणसांच्या पायांसाठी. ती कारणं पुरेशी मोठी आहेत.

विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक चाचणी करा. उपकरण चालू ठेवा, मेन स्विच खाली करा, मिनिटभराने वर करा, आणि काय होतं ते बघा. काही डब्या वीज परत आल्यावर बंद राहतात, काही चालू होतात, काही आधी होत्या तशा होतात. मोबाइलवाल्या बहुतेक प्लगमध्ये हे ठरवता येतं, रिमोटवाल्या स्वस्त डब्यांमध्ये कारखान्याने ठरवलेलं असतं. दुपारी लाइट गेली, सगळे कामाला निघून गेले आणि चारला लाइट आली, असं होणाऱ्या गावात हे माहीत असणं फार गरजेचं आहे. फाटकाचा दिवा ‘आधी होता तसा’ राहू द्या, गिझर आणि मोटर ‘बंद’ वरच हवीत.

मग मीटरजवळच्या पेटीत एक कागद चिकटवा: कोणती डबी कुठल्या बोर्डामागे आहे, तिचा एमसीबी कोणता, जास्तीचं रिमोट कुठे ठेवलंय. पुढचा वायरमन आला की त्याला तो कागद लागेल. आणि घर भाड्याने देताना किंवा सोडताना वायफायचे प्लग मूळ स्थितीवर आणायला विसरू नका. ते तुमच्या खात्याला जोडलेले राहिले, तर पुढच्या कुटुंबाच्या गिझरचं बटण तुमच्या खिशात राहील.